प्रादेशिक सेनेचं पहिलं शिबिर : नव्या अधिकाऱ्याने घरून निघण्याआधी काय करावं

कमिशनचं, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणुकीचं, पत्र आलं की पहिले चार दिवस पेढे वाटण्यात जातात. पाचव्या दिवशी डोक्यात येतं, की लेफ्टनंट झालो खरे, पण पलटणीच्या गेटवर उभं राहिल्यावर करायचं काय? मला हा प्रश्न पडला तेव्हा ओळखीत विचारण्यासारखं कुणी नव्हतं. नियमित सैन्यातले दोन मित्र होते, पण त्यांच्या मागे लष्करी प्रबोधिनीतली वर्षं. सॅल्यूट कधी करायचा हे कुणाला माहीत नसू शकतं, हेच त्यांना पटत नव्हतं. सोमवार ते शुक्रवार लॅपटॉपसमोर बसणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी. म्हणून हे लिहितोय. काही शिबिरं करून झाली आहेत आणि बहुतेक चुका स्वतः करून बघितल्या आहेत.

आपण नेमके कशात आलो आहोत हे आधी डोक्यात पक्कं करा. प्रादेशिक सेना म्हणजे टीए. १९४८ च्या कायद्याने ती उभी राहिली, ९ ऑक्टोबर १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं, म्हणून ९ ऑक्टोबर हा टीए दिन. नोकरीधंदा सांभाळणाऱ्या माणसाने वर्षातले ठरावीक दिवस गणवेश घालायचा, ही मूळ कल्पना. अधिकाऱ्याला पहिल्या वर्षी महिनाभराचं मूलभूत प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचं वार्षिक शिबिर आणि पहिल्या दोन वर्षांत डेहराडूनच्या आयएमएमध्ये, म्हणजे भारतीय सैन्य अकादमीत, तीन महिन्यांचा कोर्स असतो. शहरी युनिटांसाठी शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी परेड घेण्याचीही पद्धत आहे. तिथे चार तासांचं प्रशिक्षण एक दिवस म्हणून धरतात.

यातली गोम लक्षात आली का? डेहराडूनला जायच्या आधीच तुम्ही पलटणीत पोचू शकता. खांद्यावर दोन तारे आणि हातात काहीच नाही, अशा अवस्थेत. समोरचा हवालदार मात्र काश्मीर नाहीतर ईशान्येकडची दोन-तीन टेन्युअर, म्हणजे तैनातीच्या मुदती, करून आलेला असतो. तो तुम्हाला सॅल्यूट करणार, आणि तुम्हाला काय येतं, काय येत नाही हे त्याला दहा मिनिटांत कळणार. ते लपवायचा प्रयत्न करू नका. तयारी करायची ती लपवण्यासाठी नाही. निदान पाय, कागद आणि घरची काळजी या तीन गोष्टींसाठी त्याला तुमच्यामागे धावावं लागू नये, एवढ्यासाठी.

आधी ऑफिस, मग सगळं

शिबिराची तारीख कळली त्याच दिवशी ऑफिसात लेखी कळवा. तोंडी नको. माझ्या साहेबांना मी चहा पिताना सांगितलं होतं. त्यांना वाटलं एनसीसीसारखं काहीतरी आठ दिवसांचं असेल. दोन महिने म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला, आणि पुढचे पंधरा दिवस एचआरच्या चकरा मारण्यात गेले. पलटणीकडून आलेलं बोलावणं जोडून ईमेल करा, कधीपासून कधीपर्यंत ते लिहा, आणि तुमचं काम कोण बघणार त्याचा आराखडा सोबत द्या. साहेबांचा खरा राग देशसेवेवर नसतोच, मार्च अखेरीला माणूस गायब होतो त्यावर असतो.

टीए कायद्याचं कलम ७ वाचून ठेवा. लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला परत आल्यावर मूळ नोकरीत सामावून घेण्याची जबाबदारी त्यात मालकावर टाकली आहे. पण ते कलम पहिल्याच बैठकीत टेबलावर आपटू नका. गरज पडली तर आहे, एवढं पुरे. सरकारी किंवा सार्वजनिक क्षेत्रातल्या नोकरीत असाल तर टीएसाठीच्या रजेचे नियम आस्थापना विभागाकडून लेखी घ्या. खासगीत असाल तर रजा पगारी की बिनपगारी, पीएफ आणि आरोग्य विमा त्या काळात चालू राहणार का, हे तीन प्रश्न विचारून उत्तरं ईमेलवर मागा. स्वतःचा धंदा असेल तर विचारायला कुणी नाही आणि सांभाळायलाही कुणी नाही. ते सगळ्यात अवघड.

आता पैसे. शिबिरात असताना नियमित सैन्यातल्या अधिकाऱ्याच्या दराने पगार मिळतो. लेफ्टनंटचा पे लेव्हल १० मध्ये ५६,१०० रुपयांपासून सुरू होतो, त्यावर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५०० आणि भत्ते. ऐकायला छान आहे. पण तुमचं खातं उघडणं, कागद पुढे जाणं, आदेश निघणं हे सगळं होऊन पहिला पगार हातात पडायला वेळ लागतो. ऑफिसचा पगार बंद असेल आणि घराचा हप्ता पाच तारखेला जात असेल, तर तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच निघा. मेसचं बिल, गणवेशाची शिलाई आणि बुटांचे पैसे वेगळे धरा. पहिल्या वर्षी टीएतून कमाई होत नाही, झालाच तर थोडा खर्च होतो.

आणि घरी एक गोष्ट नीट सांगा. आईला वाटतं, हे वर्षातून दोन महिन्यांचं प्रकरण आहे. एरवी असतंही. पण मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने टीए नियमावलीतल्या नियम ३३ खाली लष्करप्रमुखांना गरजेप्रमाणे टीएचे अधिकारी आणि जवान बोलावण्याचे अधिकार दिले, आणि ३२ पायदळ पलटणींपैकी १४ पलटणी तैनातीसाठी बोलावण्याची मुभा दिली. बोलावणं येऊ शकतं आणि ते वर्षभराचंही असू शकतं. हे बोलणं पेढ्यांच्या दिवशीच झालेलं बरं. आमच्याकडे ते स्टेशनवर झालं. तसं करू नका.

कागदांची फाइल

हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून पटकन उरकतो. जाड पुठ्ठ्याची एक फाइल करा. कमिशनचं पत्र, पलटणीचं बोलावणं, मेडिकल बोर्डाचे कागद, पदवीची आणि जन्मतारखेची प्रमाणपत्रं, आधार, पॅन, बँकेचा रद्द केलेला चेक, मालकाचं ना-हरकत पत्र, लग्न झालं असेल तर विवाह प्रमाणपत्र, बायको-मुलांचे आणि आईवडिलांचे आधार व फोटो. प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स. स्वतःचे पासपोर्ट फोटो वीस. हो, वीस. ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड, वारस नोंदणी, जो तो फॉर्म फोटो मागतो आणि कॅन्टोन्मेंटमध्ये संध्याकाळी सहानंतर फोटो स्टुडिओ सापडत नाही. वारस म्हणून कुणाचं नाव लावायचं हे घरूनच ठरवून या. क्लार्कच्या टेबलासमोर उभं राहून तो विचार करणं जड जातं.

पाय

या विषयावर मी जरा जास्तच बोलणार आहे. पहिल्या शिबिरात माझं जे काही बिघडलं ते सगळं पायांमुळे.

मी दोन महिने आधीपासून पळत होतो. सकाळी टेकडीवर, मऊ स्पोर्ट्स शूज घालून, कानात गाणी. पाच किलोमीटर आरामात व्हायचं. लष्करातले नवे बूट मात्र निघायच्या चार दिवस आधी घेतले. चकाचक पॉलिश करून ठेवले. शिबिराच्या दुसऱ्या सकाळी ते घालून रोड मार्चला उभा राहिलो, तेव्हा आमचे सुभेदार साहेब माझ्या पायांकडे बघून एवढंच म्हणाले, "साहेब, बूट नवे दिसतायत." मला वाटलं कौतुक करतायत. आठ किलोमीटरनंतर दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड आले होते आणि ते वाक्य कौतुकाचं नव्हतं हे कळलं होतं. पुढचे चार दिवस मी चप्पल घालून स्टोअरची यादी तपासत बसलो. जवानांनी काही म्हटलं नाही. त्यांनी काही म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

तर बूट किमान सहा आठवडे आधी घ्या. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि पळताना ते तेवढेच सुजणार असतात. जाड लोकरी मोजे घालून मापून बघा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, टाच मात्र उचलली जाता कामा नये. पहिला आठवडा घरात घाला, दुसऱ्या आठवड्यात भाजी आणायला जा. शेजारी हसतील, हसू द्या. तिसऱ्या आठवड्यापासून चढ-उतारावर चाला. पुण्यात असाल तर पायथ्यापासून पायवाटेने सिंहगड, कोल्हापूरकडे असाल तर जोतिबाच्या पायऱ्या. पाठीवर आधी पाच किलो, मग दहा. पाण्याच्या बाटल्या भरून पिशवी केली तरी चालते. वर पोचल्यावर जड वाटलं तर पाणी ओतून देता येतं, हा तिचा जादा फायदा.

पायाची नखं निघायच्या दोन दिवस आधी सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. मोज्यांचे सहा जोड न्या. बोटांच्या बेचक्यात पावडर टाका. टाच चोळली जातेय असं वाटलं की लगेच थांबून त्यावर चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावलेली पट्टी उशिराची. मार्चमध्ये थांबायची लाज वाटते, पण एका मिनिटाच्या थांबण्याने चार दिवस वाचतात.

पळण्याचं म्हणाल तर सैन्यात दोन चाचण्यांची नावं कानावर पडतील. पीपीटी म्हणजे शारीरिक क्षमतेची चाचणी. तिच्यात २.४ किलोमीटर धावणं, चिन-अप, सिट-अप, शटल असं असतं. दुसरी बीपीईटी, म्हणजे लढाईसाठीच्या शारीरिक क्षमतेची चाचणी. तिच्यात ५ किलोमीटर धावायचं, पण बूट, पाठीवरचं सामान आणि रायफल घेऊन. शिवाय ६० मीटर स्प्रिंट, दोरावर चढणं आणि ९ फुटांचा खड्डा उडी मारून पार करणं. वेळा वयाप्रमाणे ठरतात. टीएत ४२ वर्षांपर्यंत प्रवेश मिळतो, त्यामुळे चाळिशीत कमिशन घेतलेले आपल्यात बरेच असतात. धावणं जमवता येतं, आमचं खरं घोडं अडतं दोरापाशी. जवळच्या व्यायामशाळेत मल्लखांबाचा दोर असेल तर त्या उस्तादांचे पाय धरा. हाताने ओढू नका, पायांची कात्री नीट बसली की दोर चढता येतो. हे मला तिथल्या बारा वर्षांच्या पोराने शिकवलं.

कपडे आणि सामान

अधिकाऱ्याला गणवेश स्वतःच्या खर्चाने करावा लागतो. पण काहीही शिवायला टाकण्याआधी पलटणीच्या ॲडज्युटंटला, म्हणजे कमांडिंग ऑफिसरच्या हाताखाली कार्यालयीन कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करा आणि यादी मागा. कोणती बेरे (मऊ गोल टोपी), कोणता बिल्ला, कोणती लॅनयार्ड (खांद्यावरची दोरी), हे प्रत्येक रेजिमेंटचं वेगळं असतं. महाराष्ट्रातल्याच टीए पलटणी बघा. कोल्हापूरची १०९ मराठा लाइट इन्फन्ट्रीची, नागपुरात सीताबर्डीच्या किल्ल्यावरची ११८ ग्रेनेडिअर्सची, देवळालीची ११६ पॅराची. तिघींचा थाट वेगळा. चुकीच्या रंगाची बेरे घालून पोचलात तर त्याची गोष्ट तुमच्या बदलीपर्यंत मेसमध्ये सांगितली जाईल.

कॉम्बॅट ड्रेस बाजारातून घेऊ नका. २०२२ पासूनचा डिजिटल नक्षीचा नवा गणवेश लष्कराने नोंदणीकृत केला आहे आणि तो अधिकृत जागीच मिळतो. कॅन्टोन्मेंटबाहेरच्या दुकानात 'तसाच' मिळेल, पण तो तसाच नसतो आणि विकणंही बेकायदा आहे.

गणवेशाखेरीज लागतं ते साधं. बंद गळ्याचा कोट किंवा सूट, दोन फॉर्मल शर्ट, एक टाय, काळे चामड्याचे बूट, पीटीसाठी पांढरी कपड्यांची जोडी. पॉलिशची डबी आणि ब्रश स्वतःचे. सुई-दोरा, जादा बटणं, सुटं कुलूप, टॉर्च, खिशात मावणारी वही आणि दोन पेनं. वही फार महत्त्वाची. पहिल्या दोन दिवसांत तुम्हाला ऐंशी नावं आणि शंभर लघुरूपं ऐकू येणार आहेत. सामान लोखंडी ट्रंकेत भरा, वर पांढऱ्या रंगात नाव घाला. चाकांची सुंदर सुटकेस तीनशे मीटर मुरमाड रस्त्यावर ओढताना मी एकाला पाहिलं आहे.

आवाज

कवायत तुम्हाला तिथे ड्रिल उस्ताद शिकवतील, ती घरी यूट्यूबवर शिकू नका. चुकीची सवय लागली की मोडायला दुप्पट वेळ लागतो. घरी करायचं ते आवाजाचं काम. सैन्यातले हुकूम हिंदीत असतात, पलटण मराठ्यांची असली तरी. सावधान, विश्राम, दाहिने मुड, पीछे मुड, तेज चल, थम. हुकमाचे दोन भाग असतात. पहिला लांबवून, सावध करणारा, मग क्षणभर विराम आणि दुसरा तडक. तो विराम चुकला की तीस माणसं तीस वेळी पाय आपटतात, आणि दोष त्यांचा नसतो.

ऑफिसात आपण गळ्यातून बोलतो. इथे बेंबीपासून बोलावं लागतं. रिकाम्या मैदानावर एखाद्या मित्राला शंभर पावलांवर उभं करा आणि ओरडून बघा. घसा बसला तर चूक होतेय. मी गच्चीवर सराव केला होता, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन "काय झालं?" विचारून गेल्या. त्या वेळी आवाज पोचतोय असं समजलो.

सॅल्यूटचा एकच नियम सध्या पाठ करा. डोक्यावर टोपी किंवा बेरे असेल तरच हात उठतो. नसेल तर सावधान उभं राहायचं. जवान किंवा जेसीओ (जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या हुद्द्याचे सुभेदार वगैरे) सॅल्यूट करेल तेव्हा तो परत करायचाच, फोनवर बोलत असाल तरी. सॅल्यूट न घेता पुढे गेलेला अधिकारी लोकांच्या लक्षात राहतो.

पहिले अठ्ठेचाळीस तास

दुपारी किंवा रात्री पोचू नका. सकाळी पोचा. आदल्या दिवशी ॲडज्युटंटला फोन करून गाडी किती वाजता येते आणि कोणत्या कपड्यांत रिपोर्ट करायचं हे विचारा. गेटवर ओळखपत्र आणि बोलावणं दाखवा, घाई करू नका. संतरी तुम्हाला थांबवून ठेवेल, ते त्याचं काम आहे. "मी ऑफिसर आहे" हे वाक्य तिथे उच्चारू नका. तो फोन करून खात्री करेल आणि मग कडक सॅल्यूट ठोकून आत सोडेल.

आत गेल्यावर आधी ॲडज्युटंट, मग त्याने सांगितलेल्या वेळी कमांडिंग ऑफिसर. सीओंसमोरची मुलाखत छोटी असते. नागरी आयुष्यात काय करता, घरी कोण आहे, तब्येत कशी आहे. इथे मोठी भाषणं नकोत. "सर, मला रायफल उघडता येत नाही, शिकायची आहे" असं मी म्हणालो होतो. ते हसले आणि त्याच दुपारी मला एका नायकाच्या ताब्यात दिलं. इतका फायदा दुसऱ्या कुठल्याच वाक्याचा झाला नाही.

सीओंनंतर जो माणूस महत्त्वाचा, तो सुभेदार मेजर. पलटणीतले सगळ्यात ज्येष्ठ जेसीओ. हुद्द्याने तुम्ही वर, अनुभवाने ते तुमच्या वडिलांच्या जागी. जेसीओंना अधिकारी 'साहब' म्हणतात, मराठी पलटणीत 'साहेब'. नुसतं नाव घेऊन हाक मारायची नाही. तेही तुम्हाला साहेबच म्हणतील. दोन्ही बाजूंनी साहेब-साहेब चालतं आणि त्यात कुणाचं काही कमी होत नाही. त्यांच्याशी पहिल्याच दिवशी अर्धा तास बसा. चहा येईल. विचारा, की पलटणीत माणसं कुठल्या भागातली जास्त, कुणाच्या घरी अडचण आहे, कोण नुकतं परत आलं. वही काढा, पण लगेच नाही. आधी ऐका.

तुम्हाला कंपनी, म्हणजे पलटणीतली एक तुकडी, मिळेल. तिथल्या सीनियर जेसीओंनी पहिल्या आठवड्यात सुचवलेल्या गोष्टीला 'नाही' म्हणायचं असेल तर माणसांसमोर म्हणू नका. बाजूला बोला. आणि त्यांनी "साहेब, असं करतात" म्हटलं तर बहुतेक वेळा तसंच करतात. नव्या अधिकाऱ्याचा मोठा दोष आळस नसतो, उत्साह असतो. ऑफिसात शिकलेलं एक्सेल शीट काढून रेशनची पद्धत सुधारायला निघालेले मी पाहिले आहेत. मीही त्यातलाच. तीन दिवस मी तक्ता करत होतो आणि क्वार्टरमास्टर हवालदार शांतपणे त्यांच्या जुन्या रजिस्टरमधून सगळं बरोबर वाटत होते.

जवानांची नावं पाठ करा. नाव, गाव, घरी काय करतो. टीएचा जवानही आपल्यासारखाच, एरवी कुणी ऊस बघतो, कुणी रिक्षा चालवतो, कुणी साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतो. गाव विचारलं की माणूस मोकळा होतो, मग तुमचं आणि त्याचं कुणीतरी ओळखीचं निघतंच. मराठी पलटणीत हा आपला मोठा फायदा आहे, पण सलगी आणि लगट यातला फरक ठेवा. मी सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचं ठरवलं होतं. एका ज्येष्ठ कॅप्टनांना ते फार ऑफिसी वाटलं. मी बदललं नाही.

सोबतीला सहायक, म्हणजे मदतीला दिलेला जवान, मिळाला तर तो तुमचा नोकर नव्हे. त्याच्याकडून बेल्ट कसा बसवायचा, बेरेला आकार कसा द्यायचा, मच्छरदाणी कशी ताणायची हे शिकून घ्या. आपली बादली आपण उचला.

सकाळी पीटी, संध्याकाळी रोल कॉल, मंदिर परेड, सैनिक संमेलन, बडाखाना. या सगळ्याला हजर राहा, विशेषतः ज्याला हजर राहणं सक्तीचं नाही त्याला. बडाखान्यात अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात. तिथे एका कोपऱ्यात चार अधिकारी घोळका करून उभे राहिले, की बडाखान्याचा अर्थच गेला.

मेस

मेसचे नियम सांगायला बसलो तर वेगळा लेख होईल. पण पहिल्या संध्याकाळी पुरतील एवढे : गोल गळ्याचा टी-शर्ट आणि चप्पल खोलीतच. वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचा, सीओंच्या नंतर कधीच नाही. ज्येष्ठ अधिकारी खोलीत आले की उभे राहा. ते जेवायला सुरुवात करीपर्यंत चमचा उचलू नका. फोन खिशात, आवाज बंद. वाढणाऱ्याला नावाने बोलवा. दारू घ्यायची नसेल तर लिंबू सरबत घ्या, कुणी काही म्हणत नाही. घ्यायची असेल तर पहिल्या रात्री एकच. औपचारिक डिनर नाइटला राष्ट्रपतींच्या नावे टोस्ट होतो, त्या वेळी सगळे उभे राहतात तेव्हा उभं राहायचं. काय करावं सुचलं नाही तर शेजारच्या कॅप्टनकडे बघा. तोही कधीतरी कुणाकडे तरी बघूनच शिकला.

सगळ्यात लहान अधिकारी म्हणून मेसचं एखादं काम तुमच्या गळ्यात पडेल. नाक मुरडू नका. अंडी किती आणि बिलं कुणाची थकली हे कळलं की पलटण लवकर कळते.

रायफल, नकाशा, मोबाइल

फायरिंगबद्दल घरून करण्यासारखं काही नाही. फक्त एक : कोतातून, म्हणजे शस्त्रांच्या कोठारातून, हत्यार घेताना, देताना, साफ करताना जे जे तपासायला सांगतील ते प्रत्येक वेळी तपासा, विसाव्या वेळीही. नकाशाचं मात्र घरी शिका. १:५०,००० च्या नकाशावर २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर. सहा आकडी ग्रिड संदर्भ १०० मीटरपर्यंत जागा दाखवतो. आधी आडवा आकडा, मग उभा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा आपल्या भागाचा नकाशा घ्या, एक साधा कंपास घ्या आणि मोबाइल पिशवीत टाकून ओळखीच्या डोंगरावर जा. ओळखीच्या डोंगरावरही माणूस चुकतो, हे तिथेच कळलेलं चांगलं.

मोबाइलचा विषय निघालाच आहे तर, शिबिरात फोटो काढून स्टेटसला लावायची खुमखुमी प्रत्येकाला येते. गणवेश नवा, आरसा समोर. नको. २०२० च्या जुलैत लष्कराने ८९ ॲप फोनमधून काढून टाकायला सांगितली होती, त्यांत फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होती. सूचना वेळोवेळी बदलतात, म्हणून पोचल्याबरोबर सध्याच्या सूचना विचारा आणि तोवर काहीच टाकू नका. घरच्यांनाही सांगा. माझ्या मावशीने पलटणीचं नाव, गाव आणि तारखेसकट अभिनंदनाची पोस्ट टाकली होती. ती काढायला लावताना मला सीओंसमोर जेवढं अवघडलं नव्हतं तेवढं अवघडलं.

निघताना

शेवटच्या दोन दिवसांत सगळ्यांना घाई असते आणि नेमक्या तेव्हाच गोष्टी राहतात. मेसचं बिल भरून पावती घ्या. घेतलेलं सामान स्टोअरला परत करून सही मिळवा. शिबिराच्या दिवसांचा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवेच्या नोंदीचा आदेश, निघाला का हे हेड क्लार्कना विचारा, कारण पगार त्यावरच हलतो. ऑफिसला दाखवायचं हजेरीचं प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय गेट सोडू नका, नंतर पोस्टाने मागवायला दोन महिने जातात. सुभेदार मेजर साहेबांना भेटून निघा.

आणि बूट घरी आल्यावर माळ्यावर टाकू नका. कोरडे करा, पॉलिश करा, पंधरा दिवसांतून एकदा घालून भाजी आणायला जा.